तक्त्यातली रत्ना

“रत्नाज ब्रदर इज ऑन द वॉल!”

पाचवी ‘ब’ची बावन्न पोरं एका सुरात ओरडत होती आणि मी टेबलावर डस्टर आपटून त्यांना ताल देत होते. तेवढ्यात अक्का वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पायांत चप्पल नव्हती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठानं भरलेले, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. अक्कांचा पदर घसरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

“बाई, थांबू नगा,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “पोरास्नी म्हणाय लावा. अजाबात थांबवू नगा.”

“काय झालं, अक्का?”

“ते बोलाय लागल्यात.”

ते म्हणजे चौगुले सर. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला लागूनच सरांचं घर होतं. अक्का त्यांच्या पत्नी. दोन महिन्यांपूर्वी सकाळी सर अंघोळीला म्हणून उठले आणि न्हाणीच्या दारातच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. हातपाय थोडेफार सुधारतील, पण बोलण्याचं काही सांगता येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून सरांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. त्यांच्या जागी शाळेनं मला घेतलं होतं, तात्पुरतं. मी शमशाद मुल्ला, वय चोवीस, याच शाळेची, याच सरांच्या हाताखाली शिकलेली आणि नुकतीच बी.एड. झालेली. म्हणजे डोक्यात कितपत हवा होती, ते सांगायला नको.

मी डस्टर पहिल्या बाकावरच्या पोरीच्या हातात दिलं. “ताल सोडू नका गं,” असं बजावून मी अक्कांच्या मागे धावले.

सर सोप्यात खाटेवर पडले होते. डोळे आढ्याकडे. भिंतीपलीकडून पोरांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मी सरांच्या तोंडाशी कान नेला. पलीकडे डस्टर आपटलं. “रत्नाज काऊ,” पोरं ओरडली. पुन्हा डस्टर आपटलं. आणि माझ्या कानाशी, खोल विहिरीतून यावा तसा, एक घोगरा आवाज आला.

“...अंडर... द... ट्री.”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. पोरं गप्प झाली, आणि सरही.

त्या तक्त्याबद्दल आधी सांगायला हवं. सरांनी तो स्वतःच्या हातानं रंगवला होता, जाड कागदावर, मागून मांजरपाट चिकटवून. डावीकडे कोणाचं ते, मग काय, मग शेवटी कुठे. ओळी पाचच. रत्नाचं घर नदीजवळ, रत्नाचे वडील शेतात, आई दारात, भाऊ भिंतीवर, गाय झाडाखाली. पाचवीत आलेल्या पोरानं पहिले चार महिने रोज दुसऱ्या तासाला या पाच ओळी इंग्रजीतून घोकायच्या. प्रत्येक तुकड्यानंतर सर डस्टरनं ठोका द्यायचे. त्या पाच ओळी अंगात भिनल्या, की मग रत्नाच्या जागी आपलं नाव घालायचं, गायीच्या जागी आपली शेळी आणि झाडाच्या जागी आपलं काय असेल ते. एकतीस वर्षं त्यांनी असं इंग्रजी शिकवलं. आमच्या गावातला भाजीवालाही परगावचा कोणी साहेब दिसला, की “रत्नाज फादर इज इन द फील्ड” म्हणून त्याची गंमत करायचा.

आम्हीही लहानपणी खूप चेष्टा केली. तो भाऊ इतकी वर्षं भिंतीवर काय करतोय, त्याला कोणी उतरवत का नाही, असं आम्ही एकमेकींना विचारायचो. एकदा मी धीर करून विचारलंही, “सर, सगळे आहेत, मग रत्ना कुठं आहे?” सर नुसते हसले आणि “पुढची ओळ” म्हणाले. सर कधी कोणावर हात उचलत नसत. एकदाच उचलला. आमच्या वर्गातल्या एका वात्रट पोरानं हशा पिकवायला म्हणून “रत्नाज फादर इज इन द रिव्हर” असं म्हटलं, आणि सरांनी त्याला अशी थोबाडीत दिली, की सगळा वर्ग चिडीचूप झाला. एवढ्याशा थट्टेवर एवढा राग! मला तेव्हा सरांचा फार राग आला होता.

सरांच्या खुर्चीवर बसल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तो तक्ता काढून कपाटामागे टाकला. ही पोपटपंची आहे, असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले. मुलांशी सरळ इंग्रजीत बोलायचं, खेळातून शिकवायचं, असं कॉलेजात शिकून आले होते ना! दोन महिने मी इंग्रजीत बोलत होते आणि बावन्न पोरं माझ्याकडे बघून गोड हसत होती. सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा मुख्याध्यापक कदम सरांनी मला बोलावून घेतलं. “मुल्ला बाई, तुमचं इंग्रजी फर्मास आहे. पण पोरांना एक वाक्य येईल तर बघा.” मग नाक मुठीत धरून मी तक्ता बाहेर काढला, धूळ झटकली आणि भिंतीला लावला. तो गुरुवार होता. त्याच दिवशी अक्का धावत आल्या.

शाळा सुटल्यावर मी पुन्हा सरांकडे गेले. खाटेजवळ बसून मी एकेक वाक्य सावकाश म्हणून पाहिलं. सर माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत. मराठीत विचारलं, पाणी हवं का, कूस बदलायची का. काही नाही. सकाळचं सगळं भासच होता की काय, असं मला वाटायला लागलं.

“तसं न्हवं,” मागून अक्का म्हणाल्या. त्यांनी ओट्यावरचा पितळी गडू आणला, खाटेच्या पायाशी बसल्या आणि गडू फरशीवर आपटला. ठक.

“रत्नाज,” अक्का म्हणाल्या.

ठक.

“हाउस,” सर म्हणाले.

ठक.

“इज... निअर... द रिव्हर.”

मी आ वासून बघत राहिले, आधी सरांकडे आणि मग अक्कांकडे. अक्का शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. सही करायची तरी ओठ चावत करायच्या.

“अक्का, तुम्हाला इंग्रजी येतं?”

“येतंय कशाचं! एकतीस वरसं भितीपल्याडनं कानावर पडतंय की. भाकरी थापताना, धुणं धुताना. कुठल्या सबुदामागं कुठला येतोय, तेवडं ठावं हाय. त्यात काय म्हंत्यात, ते काय कळत न्हाई.”

“सरांना कधी विचारलं नाही?”

“न्हाई बाई. तसलं काय विचारायची सवय न्हाई आमच्यात.”

असं म्हणून त्यांनी पुन्हा गडू आपटला. पाचही ओळी झाल्या. अक्का अर्धं वाक्य म्हणायच्या आणि सर ते पुरं करायचे. धड लिहिता-वाचता न येणारी बाई आणि वाचा गेलेला माणूस, दोघं मिळून इंग्रजी बोलत होते. मी बी.एड.ला मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली होती. त्यांतलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही.

“आता मराठीसुद्धा येईल, अक्का,” मी म्हणाले. “बघाच तुम्ही.”

अक्का हसल्या नाहीत. गडू बाजूला ठेवून म्हणाल्या, “येळ कुठं हाय? ऐतवारी सुकुमार येनार. बाबांस्नी पुन्याला न्हेतो म्हंतोय.”

“मग बरंच आहे की. तिकडं मोठे डॉक्टर आहेत.”

“एकट्यास्नी न्हेनार हाय.”

सुकुमारदादा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कारखान्यात होता. एकाच खोलीत तो, बायको आणि दोन मुलं. तिथं एक माणूस कसाबसा मावेल, दोन कुठली? शिवाय इथं दोन म्हशी होत्या, चार एकर रान होतं. आईनं इथलं बघावं, बाबांचं आम्ही करतो, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. त्यात त्याचं काही चुकत होतं, असंही नाही.

“तुम्ही सांगा ना त्याला, की मीही येते.”

“कशी सांगू? खोली त्याची, संसार त्याचा. आन् बाबांस्नी काय कळतच न्हाई, आसं त्याच्या मनानं घेतलंय. ल्हान पोरावानी हाईत म्हंतोय, कुठंबी ऱ्हातील.” अक्कांनी सरांच्या अंगावरची चादर नीट केली. “त्यास्नी समदं कळतंय, शमशाद. पाणी पायजे तर डावा अंगठा हलवित्यात. उकडाय लागलं, की डोळं मिटून घेत्यात. तिकडं हे कुनाला ठावं? माझा मानूस तिकडं न बोलताच जाईल.”

एवढं बोलून त्या म्हशींना पाणी पाजायला उठल्या. मी मात्र तिथंच ठरवून टाकलं, की रविवारच्या आत सरांकडून काहीतरी वदवून घ्यायचं. त्यांना कळतं, हे सुकुमारदादाला पटवायचं.

शुक्रवार आणि शनिवार मी शाळा सुटली, की सरळ तिकडे. अक्का गडू आपटायच्या, मी शब्द द्यायची. पाच ओळी एकदम बिनचूक. पण त्यांच्या पलीकडे एक पाऊल नाही. रत्नाच्या जागी ‘सुकुमार’ म्हणून पाहिलं, सर गप्प. गायीच्या जागी ‘बफलो’ म्हणून पाहिलं, सर गप्प. पाणी, भाकरी, अक्का, काही म्हणा, सर डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि अक्का म्हणायच्या, “पुरे आता, दमलं ते.”

रविवारी सकाळी सुकुमारदादा जीप घेऊनच आला. जीप बघायला भिंतीवर आमच्या पाचवी ‘ब’ची पोरं येऊन बसली. मी दादाला दारातच गाठलं. “दादा, सर बोलतात. तुम्ही ऐका तरी.”

त्यानं ऐकलं. अक्कांनी गडू आपटला आणि सरांनी पाचही ओळी म्हटल्या. दादाचे डोळे भरून आले. तोही याच तक्त्यावर शिकला होता. पण डोळे पुसून तो मला बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “बाई, तुम्ही फार केलंत. पण मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारून आलोय. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, की घोकलेलं असतं ते कधी कधी शिल्लक राहतं. पाढे, प्रार्थना, असलं. ते आपोआप येतं. त्यात अर्थ नसतो. नुसती पोपटपंची.”

माझाच शब्द त्यानं माझ्यापुढे ठेवला होता. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती.

ड्रायव्हर आणि दादा मिळून सरांना खुर्चीत बसवून अंगणात घेऊन आले. जीपमध्ये गादी घातली होती. अक्का सोप्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. कपड्यांची पिशवी त्यांनीच भरली होती, औषधांच्या बाटल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या, आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा सरांपुढे उकिडवा बसला.

“बाबा, येताय ना? नातवंडं वाट बघतायत.”

सर त्याच्याकडे बघत राहिले.

“बघा,” दादा उठत म्हणाला. “चला, उचला.”

ड्रायव्हरनं खुर्चीच्या मागच्या बाजूला हात घातला. खुर्ची जमिनीवरून हलली, आणि सरांनी डाव्या हातानं जीपची कड धरली. इतकी घट्ट, की बोटं पांढरी पडली. दादा ती सोडवायला लागला. तेवढ्यात सरांनी दुसरंच काहीतरी केलं. कड सोडली, मूठ वळली आणि जीपच्या पत्र्यावर आपटली. ठण्.

“रत्नाज.”

गडू सोप्यात होता. कोणी ठोका दिला नव्हता, कोणी शब्द पुरवला नव्हता. पत्र्यावर पुन्हा मूठ आपटली.

“हाउस... इज...”

सर थांबले. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठल्या. भिंतीवरच्या पोरांना राहवलं नाही. सगळी एकदम ओरडली, “निअर द रिव्हर!”

सरांनी मान हलवली. नाही. ओठांतून लाळ ओघळली. अक्का पुसायला पुढे झाल्या, तर डाव्या हातानं त्यांनी अक्कांचं मनगट धरलं. उघड्या अंगणात, ड्रायव्हरसमोर, पोरांसमोर. अक्कांनी लाजून हात सोडवायचा प्रयत्न केला. सरांनी सोडला नाही.

“रत्नाज हाउस... इज...” आणि मग एकेक शब्द जमिनीतून उपटून काढावा तसा, “माय... हाउस.”

पोरं खो-खो हसली. “सर चुकले! सर चुकले!”

“गप्प बसा!” मी ओरडले.

सुकुमारदादा पिशवी हातात धरून तसाच उभा होता. “हे तक्त्यात नाही,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, “बाई, हे तक्त्यात नाही.”

“नाही,” मी म्हणाले. “हे त्यांनी आत्ता केलं.”

“पण रत्नाचं घर ते माझं घर, म्हणजे काय? ही रत्ना आहे तरी कोण?”

“नाव आहे हो नुसतं. तक्त्यासाठी घेतलेलं.”

“मी,” अक्का म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. गावाला त्या अक्का म्हणून ठाऊक होत्या. रेशनकार्डावर पद्मावती भूपाल चौगुले. त्यांच्या मुलालाही याहून जास्त काही माहीत नव्हतं.

“म्हायेरचं नाव माझं,” त्या मान खाली घालून म्हणाल्या. “लग्नात बदाललं. तांदळात नवं नाव लिवलं, आन् त्या दिसापास्नं मला रत्ना म्हणून कुनी हाक मारली न्हाई. मारणारी मानसंबी ऱ्हायली न्हाईत.”

“आई, तू हे कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? वारणेच्या काठाला आमचं घर. लग्न होऊन दोन म्हयने झालं आसतील, पुराचं पानी शिरलं. भिती कच्च्या. बा, आई, धाकटा भाऊ, समदं गेलं. मी हिकडं नांदत हुते म्हणून ऱ्हायले. फुडल्या सालापास्नं ह्यांची शाळा सुरू झाली. एक दिस भाकरी थापत हुते, तर भितीपल्याडनं पोरं वरडाय लागली, रत्ना, रत्ना. पीठ तसंच ऱ्हायलं हातात.”

“आणि तू बाबांना विचारलं नाहीस?”

“सासूबाई हुत्या. मग तू झालास. मग ऱ्हाऊनच गेलं. पर रोज साडेअकराला मी चुलीम्होरंच बसायची.” मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचं मनगट अजून सरांच्याच हातात होतं. “शमशाद, त्यात काय म्हटलंय गं? रत्ना कळतंय मला. फुडचं सांग.”

त्यानंतर कितीतरी वर्षं मी इंग्रजी शिकवलं. मोठमोठे धडे, कविता, पत्रं, सगळ्यांचे अर्थ मुलांना सांगितले. पण त्या सकाळइतका जड अर्थ मला पुन्हा कधी सांगावा लागला नाही.

“रत्नाचं घर नदीजवळ आहे,” मी म्हणाले.

अक्कांनी मान डोलावली. “हुतं.”

“रत्नाचे वडील शेतात आहेत.”

“हे मला बघाय आलते ना, तवा बा रानातच हुता. गडी धाडून बोलीवला त्याला.”

“रत्नाची आई दारात आहे.”

“दारामागं हुबी. भाईर यायची न्हाई, पाव्हन्यांम्होरं.” अक्कांचा आवाज बारीक झाला होता. “फुडं?”

“रत्नाचा भाऊ भिंतीवर आहे.”

अक्का एकदम हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “बाळू! नवरदेव कसा हाय, बघाय चडलाता मेला. बा खाली उतर म्हंतोय, आन् ह्यो उतराय तयार न्हाई.”

“रत्नाची गाय झाडाखाली आहे.”

“चिच. चिचंखाली बांदायची तिला.” मग त्या सरांकडे वळल्या. “एकदाच आलते, शमशाद. एकदाच. पोहं खाल्लं आन् गेलं. एवड्यात समदं बघून ठिवलं व्हय ह्यांनी?”

सर त्यांच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे ती थोबाडीत आली, आणि त्या दिवशी फळ्याकडे तोंड फिरवलेले सर आले. एकतीस वर्षं, वर्षातले चार महिने, रोज दुसऱ्या तासाला हा माणूस पन्नास-पन्नास पोरांच्या तोंडून सांगत होता, की घर नदीजवळ आहे, वडील शेतात आहेत, आई दारात आहे. आणि भिंतीपलीकडे चुलीपुढे बसून बायको ऐकत होती. मीही त्या पोरांतलीच एक. आम्ही कंटाळून, जांभया देत, एकमेकींना चिमटे काढत ते म्हटलं होतं. एवढं मोठं काम आपल्याकडून करून घेतलं जातंय, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. मी पायरीवर बसले.

सुकुमारदादानं पिशवी खाली ठेवली. “आई,” तो म्हणाला.

अक्कांनी डाव्या हातानं पदर सावरला. मुलासमोर त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. “हे बघ बाबा. जायाचं तर दोगं जाऊ, ऱ्हायाचं तर दोगं ऱ्हाऊ. तुला काय जमतंय ते तू बघ.”

दादा ड्रायव्हरकडे गेला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग त्यानं स्वतःच जीपमधली गादी काढून खांद्यावर घेतली. “म्हशींचं आणि रानाचं काहीतरी बघावं लागेल,” माझ्याजवळून जाताना तो पुटपुटला. “दिवाळीपर्यंत मोठी खोली मिळते का बघतो.” रिकामी जीप गेली. पोरं हिरमुसून भिंतीवरून उतरली आणि घरी पळाली.

सरांना आम्ही परत सोप्यात खाटेवर निजवलं. दुपार कलायला आली होती आणि सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. अक्का स्वयंपाकघरात गेल्या. दादा खाटेच्या कडेला बसला, बापाचा लुळा हात मांडीवर घेऊन. मी भिंतीला टेकून बसले होते. उठून घरी जायला हवं होतं, पण उठवत नव्हतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

सरांनी मान आतल्या दाराकडे वळवली. ओठ हलले. दादा पुढे वाकला.

“रत्ना,” सर म्हणाले.

ठोका नाही, ताल नाही, पुढे-मागे दुसरा शब्द नाही. घरातल्या माणसाला मारतात तशी हाक. आतला भाकरीचा आवाज थांबला. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

“रत्ना,” सरांनी पुन्हा हाक मारली, या खेपेला थोडी मोठ्यानं.

“ओ,” अक्का म्हणाल्या.